साबणाची फेरी

शेवटच्या फेरीला डब्याचा आवाज बदलतो. पहिल्या फेरीत साठ नंबरच्या कार्बोरंडमच्या भुकटीबरोबर दगड फिरायला लागले की मागच्या खोलीतून सतत खडखड येते; नवा पाहुणा विचारतोच, घरात गिरणी टाकली काय म्हणून. आठवड्यागणिक ती खडखड मऊ होत जाते. पाचव्या आठवड्यात डब्यात भुकटी नसते. पाणी, किसलेला साबण आणि दगड, एवढंच. तेव्हा भिजलेले चणे पातेल्यात हलवावेत तसा आवाज येतो, तोही कान दिला तर. आमच्या घरात या टप्प्याला ‘साबणाची फेरी’ म्हणतात. अठराहून जास्त वर्षं मी दगड घोटतो आहे, आणि त्यात जे काही शिकलो त्यातलं बरंचसं या एका रात्रीच्या फेरीने शिकवलं.

वरोऱ्यात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं की जळलेल्या मोटरींची रांग लागते. २००६च्या हिवाळ्यात वर्धा नदीच्या काठावरच्या एका शेतकऱ्याने मोनोब्लॉक पंप आणला. मोटर शाबूत होती, पंप जाम झाला होता. केसिंग उघडलं तर इंपेलरपाशी एक लाल खडा अडकलेला. फुटव्हॉल्व्हची जाळी तुटली होती, तिथून तो वर ओढला गेला असणार. कोपऱ्यात रुतून बसलेल्या त्या खड्यावरून वाळूमिश्रित पाणी किती दिवस वाहिलं कोण जाणे, पण त्याची एक बाजू घासून अगदी गुळगुळीत झाली होती. मी तो शर्टाच्या खिशात टाकला. रात्री ट्यूबलाइटखाली धरला तेव्हा त्या गुळगुळीत बाजूवर ट्यूबची पांढरी रेघ अंधुक उमटली. तोवर दगड म्हणजे माझ्या लेखी पंप बिघडवणारी वस्तू होती. त्या रात्री पहिल्यांदा मी दगडाकडे पाहिलं.

आमच्या नदीत असे दगड येतात त्यालाही कारण आहे. वर्धा उगम पावते मध्य प्रदेशात मुलताईजवळ, आणि खाली येताना बराचसा प्रवास काळ्या पाषाणावरून करते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर पसरले. त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिका मिसळलेलं पाणी झिरपत राहिलं, आणि थरावर थर बसून अकीक, गारगोटी, लाल-पिवळा जास्पर तयार झाला. पुढे काळा पाषाण झिजून माती झाला, कापूस पिकवायला लागला. आतले हे खडे मात्र कठीण म्हणून टिकले आणि पुरात वाहत निघाले. वरोऱ्याच्या आसपास लाव्ह्याचा प्रदेश संपत येतो आणि कोळशाच्या थरांचा सुरू होतो. त्या कोळशासाठी इंग्रजांनी वर्ध्याहून इथवर रेल्वे आणली. नदीला कोळशाशी काही देणंघेणं नव्हतं, ती वरून आणलेले खडे काठावर टाकत राहिली. पाटाळ्याच्या पुलाखाली पूर ओसरल्यावर गेलात तर पायाखाली पाहून चाला. आम्ही लहानपणी याच गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायचो.

यंत्र मी दुकानातल्या सामानावर बनवलं. पाव हॉर्सपॉवरची १४४० फेऱ्यांची जुनी मोटर, तिच्यावर दोन इंची पुली, समोरच्या शाफ्टवर बारा इंची. शाफ्ट २४० फेऱ्या फिरला. रबर चढवून शाफ्टचा व्यास एक इंच केला, त्यावर सहा इंच व्यासाचा पीव्हीसी पाइपचा डबा आडवा ठेवला. डबा मिनिटाला चाळीस फेऱ्या फिरतो. याहून जोरात फिरला तर दगड भिंतीला चिकटून वर जातात आणि एकदम खाली आदळतात, घासले जात नाहीत. डब्याला आतून ट्रकच्या ट्यूबचं अस्तर लावलं. आजही तेच यंत्र आहे, बुश तेवढे चार-पाचदा बदलले.

घासायची विद्या मला एका फरशीवाल्याने दिली. आमच्या गल्लीत एका घराच्या मोझॅकच्या फरशीचं घासकाम चाललं होतं. मी तास-दीड तास उंबऱ्यात उभा राहून ते पाहिलं. मशीनखाली आधी साठ नंबरची वडी, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, आणि वर चढत चढत शेवटी पावडर मारून चकाकी. मी विचारलं, मधली एखादी वडी गाळली तर काय बिघडतं? तो हात न थांबवता म्हणाला, ‘‘नंबर सोडू नका भाऊ. साठचा ओरखडा एकशेवीसच खाते. चारशेच्यानं खाल्ल्या जात नाही.’’ कार्बोरंडमची भुकटी नागपुरात कुठल्या बाजारात मिळते तेही त्यानेच सांगितलं. पुढे या विषयावर मी बरंच वाचलं, पण त्या वाक्यात भर घालावी असं फारसं सापडलं नाही.

पहिली फेरी दहा-बारा दिवसांची, साठ ते नव्वद नंबरच्या भुकटीत. दुसरी दोनशेवीसमध्ये आठवडाभर. तिसरी पाचशेमध्ये आठवडाभर. चौथी अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पांढऱ्या, मैद्याहून बारीक पावडरीत पुन्हा आठवडाभर. डबा पाऊण भरायचा, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खालपर्यंत, एका डब्यात एकाच कठीणपणाचे दगड. एवढं सांभाळलं की मोटर आपलं काम करते. पहिला डबा मी असाच चार फेऱ्यांतून काढला आणि धुतला. दगड गुळगुळीत होते, पण दिसायला ताकात बुडवून काढल्यासारखे. भेगांमध्ये पांढरी पावडर बसलेली, वर धुरकट साय. वाचलं होतं की शेवटी साबणाच्या पाण्यात फिरवावेत. घरातला आंघोळीचा सुवासिक साबण किसला, बोअरच्या पाण्यात टाकला, रात्रभर फिरवला. सकाळी दगड आणखी धुरकट.

मला वाटलं पावडर वाईट. दुसरी आणली. पुन्हा तेच. मग वाटलं पाचशेची फेरी कमी पडली, ती दोन आठवडे केली. पुन्हा तेच. त्या दिवसांत लोडशेडिंग असायचं. वीज गेली की डबा थांबायचा आणि पावडर तळाला घट्ट बसायची, म्हणून मी दोषाचं खापर त्याच्यावरही फोडलं. असे चार महिने गेले. एका सकाळी मी मोरीत दगड धूत बसलो होतो, तेव्हा बायको कपड्यांची बादली घेऊन आली आणि माझ्या टोपलीत पाहून म्हणाली, ‘‘बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही, नुसत्या गोळ्या होतात. तेच तुमच्या दगडाले चिकटून राह्यलं असन.’’

खरंच तेच होतं. आमचं बोअरचं पाणी जड. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून जो न विरघळणारा साका तयार करतो, तोच बादलीच्या काठावर पांढरा थर होऊन बसतो आणि तोच माझ्या दगडांवर बसत होता. वर सुवासिक साबणातलं तेल. पावसाळा सुरू होता. पन्हाळीखाली टाकी ठेवून पाणी धरलं, गाळून घेतलं, वाण्याकडून साध्या, बिनवासाच्या धुण्याच्या साबणाची वडी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तो प्रसंग मला जसाच्या तसा आठवतो. झाकण काढताच पांढराशुभ्र, दाट फेस वर आला. हात घातला, एक खडा काढला, स्वच्छ पाण्यात बुडवला, टॉवेलने पुसला आणि ट्यूबखाली धरला. ट्यूबची रेघ उमटली, आणि यावेळी तिच्या दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या स्पष्ट होत्या. ट्यूबच्या टोकाची काळी पट्टीसुद्धा दगडात दिसत होती.

चार महिने मी ज्याला पॉलिशचा दोष समजत होतो, तो पाण्याचा होता, आणि तो ज्या बाईला रोज दिसत होता तिला मी एकदाही विचारलं नव्हतं. त्यानंतर घरातल्या कुठल्याही कामाबद्दल आधी घरात विचारायची सवय लावून घेतली.

साबणाची फेरी नेमकं करते काय, हे समजायला मला आणखी वर्ष-दोन वर्षं गेली. दगडाला चकाकी साबण देत नाही. ती आधीच्या चार फेऱ्यांत आलेली असते किंवा आलेली नसते. साबण भेगांत आणि बारीक छिद्रांत अडकलेली पावडर सोडवून बाहेर काढतो, फेसाची गादी दगडांना एकमेकांवर आपटू देत नाही, आणि त्या गादीत दगड दगडाला हलकेच घोटत राहतो. रात्रभरात दगडाचं वजन काट्यावर कळण्याइतकंही कमी होत नाही. पण आधी कुठे घाई केली असेल, नंबर गाळला असेल, तर ते याच फेरीनंतर उघडं पडतं, कारण लपवायला साय उरत नाही. पाचशेच्या फेरीला दोन दिवस कमी दिले असतील तर साबणानंतर ते दोन दिवस दगडावर दिसतात. म्हणून पुष्कळ जण ही फेरी टाळतात किंवा तासाभरात उरकतात, असं माझं मत आहे. काम संपलं असं मनाने ठरवून टाकलेलं असतं, आणि ही फेरी म्हणते, अजून एकदा पाहा.

आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे: घोटणं. पूर्वी हातकागदाला खळ लावून, वाळवून, मग अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणजे बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. त्याला घोटीव कागद म्हणत. सोन्याचा वर्ख लावणारे कारागीर आजही अकीकाच्या टोकाने वर्ख घोटतात. आणि शाळेत आमचे गुरुजी अक्षर घोटून घ्यायचे. कागद असो, सोनं असो की ‘क’, घोटताना नवं काही चढवायचं नसतं; आहे तेच दाबून, सारखं करून, उजळून घ्यायचं असतं. दुकानात फळीवर मी एक अकीक ठेवला आहे आणि तो पाहिला की मला गुरुजींची पाटी आठवते.

हे काम आपल्याकडे जुनंही आहे. नागपूरजवळ माहूरझरीला शां. भा. देव यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन केलं, तिथे अकीक आणि कार्नेलियनचे मणी मिळाले, अर्धवट राहिलेले मणीही मिळाले, म्हणजे ते तिथेच घडवले जात होते. वीज नव्हती, मोटर नव्हती. खंभातच्या मणी-कारागिरांबद्दल मुंबई गॅझेटियरच्या १८८० सालच्या खंडात लिहिलेलं आहे की मणी कुरुंदाच्या आणि अकीकाच्या भुकटीसकट चामड्याच्या पिशवीत भरायचे, आणि दोन माणसं समोरासमोर बसून ती पिशवी दिवसच्या दिवस इकडून तिकडे ओढत राहायची, मधूनमधून पाणी शिंपडत. मी एकदा जाड रेक्झिनच्या पिशवीत खडे भरून, मुलाला समोर बसवून हा प्रयोग केला. वीस मिनिटांत दोघांचे दंड भरून आले. तेव्हापासून संग्रहालयात काचेमागचा लाल मणी पाहिला की मी त्यामागचे दिवस मोजतो.

आता एक गोष्ट सांगायची आहे जी मी बरीच वर्षं फारशी कुणाला सांगितली नव्हती. तेव्हा या छंदाला चार वर्षं झाली होती. एका शाळेने विज्ञान प्रदर्शनात माझे दगड मांडायला सांगितले. प्रदर्शन सोमवारी, आणि शनिवारी रात्री साबणाच्या फेरीनंतर डबा उघडला तर अर्धे दगड मंद. पाचशेला मी कमी दिवस दिले होते, दुकानात पंपांची गर्दी होती म्हणून. परत मागे जायला दोन आठवडे हवे होते. मी खोबरेल तेलाचं बोट लावलं. तेलाने ओरखडे भरतात, ओला दगड दिसतो तसा दगड दिसतो. प्रदर्शनात सगळे थांबून पाहत होते. शेवटी मुलांना एकेक खडा वाटला. महिनाभराने सहावी-सातवीतली एक मुलगी वडिलांबरोबर पंप घ्यायला दुकानात आली. तिने कंपासपेटीतून खडा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘काका, याची चमक गेली. माझ्या हातानं गेली का?’’

तिला वाटत होतं तिच्या हाताने गेली. मी तिला खरं सांगितलं, तिच्या वडिलांसमोर. तो खडा ठेवून घेतला, पाचशेपासून पुन्हा काढला, तीन आठवड्यांनी तिच्या घरी नेऊन दिला. तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे: दगड पूर्ण कोरडा करायचा, मग अर्धा पाण्यात बुडवायचा. बुडालेला भाग आणि कोरडा भाग सारखाच दिसला तर काम झालं. पाण्यातला भाग अधिक गडद दिसला तर काम बाकी आहे, मग वर कितीही चमक असो.

माझ्या धंद्यातही असा एक शेवटचा टप्पा आहे. मोटरचं वायंडिंग भरून झालं, जोड झाले, चाचणी झाली की ती वार्निशमध्ये बुडवायची आणि तापवून वार्निश पक्कं वाळवायचं. शेतकरी दारात उभा असतो, पीक वाळत असतं, मोटर तर फिरून दाखवलेली असते. वार्निश ओलं असतानाच मोटर नेली तर ती चालते. दोन महिने चालते, कधी चार. मग तारा थरथरून एकमेकींना घासतात, ओल शिरते आणि जळते. दगडांच्या आधी मी दहा-बारा वर्षं हे काम करत होतो आणि गिऱ्हाइकाने घाई केली की मोटर देऊन टाकत होतो. ती मुलगी येऊन गेल्यावर देणं बंद केलं. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं तुटली. काही भांडलीही. आज मी संध्याकाळी तापवायला ठेवलेली मोटर सकाळशिवाय कुणालाही देत नाही, आणि घाईचा माणूस आला तर त्याला दुकानातली जुनी मोटर तेवढ्यापुरती वापरायला देतो.

नव्याने हे काम करणाऱ्यांकडून एक चूक हमखास होते, माझ्याकडूनही झाली. साठ नंबरचा एक कण. एकच. झाकणाच्या खाचेत बसून राहिलेला तो कण चौथ्या फेरीत सुटला आणि सबंध डब्यावर ओरखडे ओढत आठवडाभर फिरला. साबणानंतर सकाळच्या उन्हात पाहिलं, तर प्रत्येक खड्यावर केसासारख्या रेघा. चौतीस दगड दोनशेवीसपर्यंत मागे न्यावे लागले. आता पांढऱ्या पावडरीचा आणि साबणाचा डबा वेगळा आहे. त्यात भुकटी कधीच जात नाही. फेरी बदलताना दगड टूथब्रशने घासतो, भेगाळलेला दगड तर सुईने कोरून पाहतो, आणि खोल भेग असलेला दगड आला की तो बाजूला काढतो, कारण त्याच्या पोटातला कण आज ना उद्या बाहेर पडणारच. धुतल्यावरचा गाळ मोरीत ओतू नका, पाइपमध्ये तो सिमेंटसारखा बसतो. मी अंगणात खड्डा केला आहे.

आणि एक नुकसान असं झालं की ते कुठल्याही फेरीने भरून निघणार नाही.

आमच्या वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे. भूगर्भशास्त्राच्या लिखाणात त्याला पिसदुरा म्हणतात. तिथली शेतजमीन डायनासोरच्या काळातल्या गाळाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तिथले अवशेष जगासमोर आणले. मला यातलं काही माहीत नव्हतं. तिकडच्या एका ओळखीच्या माणसाने पंपाबरोबर एक तपकिरी गोळा आणून दिला, मुठीएवढा, एका टोकाला पीळ असलेला. आकार वेगळा वाटला म्हणून मी तो अकीकांबरोबर पहिल्या फेरीत टाकला. आठवड्याने उघडलं तर तो सुपारीएवढा उरला होता, बाकीचा गाळात गेला होता. कुतूहल म्हणून तो तुकडा मी भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना दाखवला. त्यांनी मूळचा आकार विचारला, मी हाताने दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ती दगड झालेली विष्ठा होती, डायनासोरच्या काळातली. पिसदुऱ्याच्या अशाच गोळ्यांमध्ये शास्त्रज्ञांना गवताच्या सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, २००५ साली ‘सायन्स’मध्ये ते छापून आलं, आणि डायनासोरांच्या काळात पृथ्वीवर गवत होतं हे त्यातून सिद्ध झालं. तोवर गवत त्यांच्यानंतरचं मानलं जायचं.

जगाला गवताची गोष्ट सांगणाऱ्या मातीतला एक गोळा मी गारगोट्यांबरोबर दळून अंगणातल्या खड्ड्यात ओतला होता. त्यात काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. दगड घोटायची विद्या शिकलो, पण कुठला दगड घोटायचा नाही हे त्याआधी शिकायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी एक तरुण तसाच गोळा घेऊन आला. ‘‘भाऊ, याचा पेपरवेट करून द्या, मस्त चमकव जा.’’ मी त्याला चहा पाजला, उरलेला सुपारीएवढा तुकडा दाखवला, आणि तो गोळा जिथून उचलला तिथेच ठेवून ये म्हणून सांगितलं. तिकडचं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे: शेतात असं काही दिसलं तर हलवू नका, धुऊ नका, आणि माझ्याकडे तर आणूच नका. जागेचा फोटो काढा आणि भूगर्भशास्त्राच्या माणसाला दाखवा.

आता साबणाची फेरी कशी करतो ते सांगून थांबतो, कारण मला विचारायला येणारे बहुतेक जण तेवढंच विचारतात. चौथ्या फेरीचे दगड तीन पाण्यांनी धुवायचे, तिसरं पाणी नितळ निघालं पाहिजे. दीड किलोच्या डब्याला एक मोठा चमचा किसलेला साधा साबण, अर्धा छोटा चमचा टाकणखार. टाकणखाराने पाणी हलकं होतं. सोनार वापरतात तोच, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. पाणी पावसाचं किंवा फिल्टरचं, कोमट, गरम नाही. गरम पाणी घालून डबा बंद केला तर आत दाब धरतो. आमच्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर कोमटही नको, टाकीचंच पुरेसं तापलेलं असतं. तासाभराने एकदा झाकण सैल करून हवा सोडायची आणि आत पाहायचं. फेस दाट नसेल तर चिमूटभर साबण आणखी. भेगाळ दगड असतील तर प्लॅस्टिकचे दाणे घालायचे, ते भेगांशी जाऊन घासतात आणि दगडांना आपटू देत नाहीत. मग रात्रभर फिरू द्यायचं. सकाळी साबण वाळायच्या आत दगड धुवायचे, सुती कापडावर पसरायचे आणि पूर्ण कोरडे होईपर्यंत हात लावायचा नाही. ही शेवटची पंधरा मिनिटं मला अजूनही जड जातात.

आज पहाटे असाच डबा उघडला. पूर ओसरल्यावर नदीवरून आणलेले जास्पर आणि अकीक, पाच आठवडे झालेले. एकतीस दगड निघाले. बायकोने आणि मी खिडकीत बसून एकेक अर्धा पाण्यात बुडवून पाहिला. बावीस ठेवले. नऊ पाचशे नंबरला परत गेले.